आठ बटणं, एक टिकली: पेन टॅब्लेटचा वापरानंतरचा अनुभव

पेन टॅब्लेट, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून पेनाने काम करायची पाटी, सर्व्हिस सेंटरमधून जसा गेला तसाच परत आला. सोबत चिठ्ठी: बटणावर बाह्य पदार्थ चिकटवलेला आढळला, सबब वॉरंटी लागू नाही. बाह्य पदार्थ म्हणजे टिकली. लाल, सगळ्यात बारीक नंबरची, पाकिटात डझनावारी मिळते ती. ती होती तिसऱ्या बटणावर. बिघडलं होतं पाचवं बटण.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ईमेलची देवाणघेवाण अजून संपलेली नाही. आणि नावाने फारसा फरकही पडणार नाही. डावीकडे शॉर्टकटच्या आठ बटणांची उभी रांग, मधे एक फिरती चकती, असे टॅब्लेट आज चार-पाच कंपन्या विकतात आणि रांग सगळ्यांची जवळपास सारखीच. ८१९२ प्रेशर लेव्हल (पेनाच्या दाबाच्या पायऱ्या), बिनबॅटरीचं पेन वगैरे तुम्हाला पाठ असणारच, ते परत लिहीत नाही. पेनाबद्दल माझी काडीची तक्रार नाही. लिहायचंय ते बटणांबद्दल.

माझं कुडाळात डिझाइनचं लहान दुकान आहे. उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्यांची लेबलं, गणपतीत फ्लेक्स, तुळशीचं लग्न झालं की लग्नपत्रिका आणि दशावताराची हँडबिलं, आणि बारा महिने मालवण-तारकर्लीकडच्या होमस्टेंचे बोर्ड नि खानावळींची मेनूकार्डं. बरंचसं काम, म्हणजे अक्षरं आणि मांडणी, कोरलड्रॉमध्ये, फोटोचं कटिंग आणि रंगकाम फोटोशॉपमध्ये. कोरल एक्स ७ आहे, फोटोशॉप सीएस ६. दोन्ही एकदाच पैसे मोजून घेतलेली. दर महिन्याला भाडं भरत बसणं मला जमत नाही, आणि लेबलाचा हापूस जुन्या फोटोशॉपमध्येही तेवढाच पिवळा दिसतो.

आता मुद्दा. या टॅब्लेटची आठही बटणं हाताला एकसारखी लागतात. चपटी, गुळगुळीत, एका मापाची, मधे अंतर जेमतेम. चकतीमुळे वरची चार आणि खालची चार एवढं कळतं, पण चारातलं कुठलं ते कळायला मान खाली घालावी लागते. आणि मान खाली घालायची तर बटणं हवीत कशाला? डोळे स्क्रीनवर, उजवा हात पेनावर आणि डाव्या हाताने न बघता काम, यासाठीच तर ही रांग दिली आहे. तुमच्या समोरच्या कीबोर्डवर एफ आणि जे या दोन कळांवर बोट फिरवून बघा. बारीक रेघ लागेल. नंबर पॅडच्या पाचावर ठिपका असतो. जुन्या बटणांच्या मोबाइलवरही पाचावर असायचा. टायपिस्टपासून एटीएम वापरणाऱ्या अंध माणसापर्यंत सगळ्यांना आपली बोटं कुठे आहेत हे तो एक उंचवटा सांगतो. साचा बनवतानाच तो घातला तर वर खर्च शून्य. तरी या लोकांनी घातलेला नाही. का नाही, तर फोटोत रांग एकसंध दिसते.

उंचवट्यासाठी एवढा त्रागा कशाला, असं वाटेल. सांगतो.

तिसऱ्या बटणावर अनडू होतं, म्हणजे कंट्रोल-झेड. चौथ्यावर कंट्रोल-क्यू, कोरलमधलं कन्व्हर्ट टु कर्व्ह्ज, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार करून टाकणं. मराठी डीटीपी करणाऱ्याला याचं महत्त्व सांगायला नको. आपला फॉन्ट समोरच्या प्रेसकडे असेलच असं नाही, त्यामुळे फाइल पाठवताना सगळी अक्षरं कर्व्ह करून पाठवायची. दिवसात इतक्या वेळा लागणारी कमांड बटणावर हवीच. एका होमस्टेचा बोर्ड करत होतो, अक्षरांची जागा बदलत होतो, दोनदा अनडू मारलं. पैकी एकदा बोट चौथ्यावर पडलं. सिलेक्ट केलेला मजकूर कर्व्ह झाला. स्क्रीनवर काहीच बदललं नाही, अक्षरं होती तशीच दिसत होती. फाइल सेव्ह केली, दुकान बंद केलं. सकाळी मालकाचा फोन, नंबर बदलायचा आहे. फाइल उघडली तर नंबर हा आता नंबर राहिलेला नव्हता, आकड्यांच्या आकाराचे तुकडे होते. काल बंद केलेल्या फाइलला अनडू नसतं. मालकीणबाईंचं नाव, पत्ता, ‘घरगुती मालवणी जेवण मिळेल’, सगळं परत टाइप केलं आणि अक्षरांमधली अंतरंही परत जुळवली.

मग हे कंट्रोल-क्यू फोटोशॉपमध्ये गेल्यावर काय करतं? प्रोग्रॅम बंद करतं. कोरलची सवय असलेला माणूस फोटोशॉपमध्ये जातो तेव्हा त्याच्या बोटांत असे बरेच सुरुंग पेरलेले असतात. कंट्रोल-ई कोरलमध्ये एक्स्पोर्ट, फोटोशॉपमध्ये लेअर एकत्र करून टाकतं. कंट्रोल-डी इकडे डुप्लिकेट, तिकडे केलेलं सिलेक्शन सोडून देतं. तासभर पेनाने आंब्याच्या देठाभोवती फिरून केलेलं सिलेक्शन असेल तर पोटात गोळा येतो. कंट्रोल-यू इकडे अनग्रुप, तिकडे रंग बदलायचं ह्यू-सॅच्युरेशन. कंट्रोल-के इकडे ब्रेक अपार्ट, तिकडे प्रेफरन्सेस. आणि खुद्द अनडूसुद्धा सारखं नाही. फोटोशॉपमध्ये २०१८ पर्यंतच्या आवृत्त्यांत कंट्रोल-झेड एकच पाऊल मागे जायचं, परत दाबलं की पुढे यायचं. सीएस ६ मध्ये मागे मागे जायचं तर कंट्रोल-ऑल्ट-झेड. त्या वर्षी ऑक्टोबरात आलेल्या आवृत्तीपासून ते बदललं, पण माझ्याकडे ती नाही.

यावर उपाय आहे आणि तो या टॅब्लेटच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टॅब्लेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दिलेलाही आहे: प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळा प्रोफाइल. समोर कोरलची विंडो असली की बटणांचा एक अर्थ, फोटोशॉपची असली की दुसरा. ड्रायव्हर उघडायचा, अधिकचं चिन्ह दाबून प्रोग्रॅमची एक्झी फाइल दाखवायची, बटणं भरायची. माझा आग्रह एकच: नाव तेच ठेवा, कमांड बदला. अनडूच्या जागी दोन्हीकडे अनडूच, फक्त फोटोशॉपच्या प्रोफाइलमध्ये मागची कळजोडी वेगळी. कर्व्हच्या जागी फोटोशॉपमध्ये काहीही ठेवू नका, बटण बंद ठेवा. हाताला प्रोग्रॅम कळत नाही, जागा कळते. अर्थात जागा कळण्यासाठी काय लागतं ते वर लिहिलंच आहे.

म्हणून टिकली. घरी पाकीट पडलेलं होतं, त्यातली एक तिसऱ्या बटणावर लावली आणि त्याच क्षणापासून टॅब्लेट मला आवडायला लागला. खरंच. बोट टिकलीवर, म्हणजे अनडू. एक खाली कर्व्ह. एक वर स्पेस. त्याच्या वर शिफ्ट. मान वर ती वर. मार्चपर्यंत टिकली टिकली. मग उकाडा सुरू झाला आणि घामाने तिचा गोंद सुटायला लागला. दोन-तीन बदलल्या, शेवटी फेविक्विकचा थेंब टाकून एक पक्की बसवली. चिठ्ठीतला ‘बाह्य पदार्थ’ तो हाच.

मराठी टायपिंग करणाऱ्यांसाठी आता एक गोष्ट, जी मला कुठल्याही रिव्ह्यूत सापडली नाही. हे रिव्ह्यू करणारे सगळे इंग्रजीत चित्रं काढतात. टॅब्लेटचं बटण स्वतः कमांड देत नाही, ते कीबोर्डची कळ दाबल्याचं सोंग करतं. विंडोजमध्ये त्या वेळी भाषा मराठी निवडलेली असेल तर ती कळ मराठीत उमटते. चकतीला फोटोशॉपचा ब्रश लहान-मोठा करायच्या कळा दिलेल्या होत्या, म्हणजे उघडणारा आणि बंद होणारा चौकोनी कंस. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या मराठीच्या कळमांडणीत, उघडणाऱ्या कंसाच्या कळीवर आहे ‘ड’, आणि शेजारच्या कळीवर नुक्ता. प्रोफाइल वेगळे करायच्या आधीची गोष्ट आहे. गिऱ्हाईक शेजारी बसलेलं, मी कोरलमध्ये मेनूकार्ड टाइप करतोय, मनगट चकतीला घासलं आणि स्क्रीनवर ‘सुरमई डडडडडड’. गिऱ्हाईक म्हणालं, ‘‘ह्यो ड खंयसून इलो रे?’’ उलट फिरवून घालवायला गेलो तर ‘ड’ खाली नुक्त्यांची रांग लागली.

तीच कथा एकाक्षरी शॉर्टकटांची. कोरलमध्ये पी दाबलं की वस्तू पानाच्या मध्यभागी जाते, सी आणि ई ने दोन वस्तूंची मधली रेघ जुळते. फार कामाच्या कमांडा. पण मजकुराच्या आत कर्सर असताना बटण दाबलं की पी चा होतो ‘ज’, सी चा ‘म’ आणि ई चा काना. एका पत्रिकेत ‘आपले विनम्र’च्या पुढे एक ज राहिला होता, प्रूफला सापडला म्हणून बरं. उपाय दोन. मजकुरातून बाहेर पडायला कंट्रोल-स्पेस दाबायचं, त्याने कोरल टेक्स्टमधून पिक टूलवर, म्हणजे वस्तू निवडायच्या बाणावर, येतं. नुसतं स्पेस दाबलं तर मजकुरात जागा सुटते. आणि दुसरा, जास्त खात्रीचा: एकाक्षरी कळ बटणाला देऊच नका. कोरलच्या कस्टमायझेशनमध्ये जाऊन त्या कमांडला कंट्रोल-शिफ्टसकट एखादी मोकळी जोडी द्या आणि ती बटणाला द्या. कंट्रोलसोबतची कळ मजकुरात उमटत नाही. तिथेच एक खूणही आहे, दिलेली जोडी आधी दुसऱ्या कमांडला असेल तर कोरल तिकडे घेऊन जातं. ती चालू ठेवा. पॉवरक्लिपला मुळात शॉर्टकटच नाही, त्यालाही असाच दिला. फोटो चौकटीत टाकणं हे आमचं रोजचं काम, त्यासाठी दर वेळी मेनूत शिरायचं म्हणजे वैताग.

अजून एक, हे कळेपर्यंत ड्रायव्हर काढून टाकून पुन्हा टाकायचा प्रकारही करून झाला होता. बटणं सगळीकडे चालायची, फक्त कोरलमध्ये नाही. ड्रायव्हर ठीक, प्रोफाइल ठीक. कारण निघालं वेगळंच: कोरलच्या आयकॉनवर ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ ची खूण केलेली होती, कॉम्प्युटर बसवून देणाऱ्याने कधीतरी केलेली. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालणाऱ्या प्रोग्रॅमला साध्या हक्काच्या प्रोग्रॅमकडून आलेली खोटी कळ विंडोज पोहोचूच देत नाही. सुरक्षेसाठीचा नियम आहे, व्हिस्टापासूनचा. खूण काढली, बटणं चालायला लागली. कंपनीच्या मदत केंद्राने तोवर मला केबल बदलून बघायला सांगितलेलं.

इथवर मी चकतीला शिव्या घालत होतो. ‘डडडड’ नंतर ती बंदच करून ठेवली होती. पण प्रोफाइल वेगळे केल्यावर ती कोरलमध्ये झूमला आणि फोटोशॉपमध्ये ब्रशला लावली, आणि मत बदलावं लागलं. फोटोशॉपमध्ये काम करताना भाषा इंग्रजीवर आणायची एवढं पथ्य पाळलं की पेन न उचलता ब्रश बारीक-मोठा होतो. गणपतीच्या फ्लेक्सवर मूर्तीच्या फोटोभोवतीची पार्श्वभूमी काढताना मुकुटाच्या नक्षीत बारीक ब्रश आणि पितांबरापाशी मोठा, हे नुसत्या अंगठ्याने होतं. आधी कंपनीने हे खेळणं उगाच बसवलंय असं लोकांना सांगत होतो, आता सांगत नाही.

स्पेसच्या बटणाने मला वेगळाच आनंद दिला. फोटोशॉपमध्ये स्पेस धरलं की हाताचा पंजा येतो आणि चित्र सरकवता येतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. कोरलमध्ये वस्तू ओढत असताना स्पेस दाबलं की त्या जागी तिची एक प्रत पडते. दाबत राहा, प्रती पडत राहतात. माउसवर आपण हे उजव्या क्लिकने करतो, ओढता ओढता उजवं बटण दाबून कॉपी सोडणं कोरलवाल्याच्या रक्तात असतं. पेनाने ते जमत नव्हतं, पेनावरचं बटण दाबताना टोक हलायचं आणि प्रत तिरकी पडायची. डाव्या हाताला स्पेस मिळाल्यावर पत्रिकेच्या काठाची वेलबुट्टी मी पेनाने एका ओढीत सोडत गेलो. शेवयाच्या साच्यातून शेवया पडाव्यात तशी नक्षी पडत होती.

नंबर पॅडवरची अधिकची कळही कोरलमध्ये अशीच उपयोगी, जागच्या जागी प्रत काढते. ती बटणाला द्यायला गेलो तर ड्रायव्हरने नंबर पॅडची कळ ओळखली नाही. त्याने ती शिफ्ट आणि बरोबरच्या चिन्हाची कळ समजून घेतली, आणि कोरल तिला प्रत काढायची कळ मानत नाही. माझ्या लॅपटॉपला नंबर पॅड नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग पावसाळा. आमच्याकडे जूनमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते, टॅब्लेटने तरी काय करावं? पाचवं बटण आधी दोनदा दाबावं लागायचं, मग दाबल्यावर सुटेना. पाचव्यावर कंट्रोल होतं. कंट्रोल अडकलं की पेनाने ओढलेली प्रत्येक गोष्ट सरळ रेषेतच सरकते, चकती फिरवली की भलतंच होतं, आणि दोष नक्की कुणाचा हे कळायला अर्धा दिवस जातो. वॉरंटी शिल्लक होती. सर्व्हिस सेंटर मुंबईत. कुरियरचे पैसे वाचवायला कोकणकन्येने निघालेल्या मामेभावाच्या हाती टॅब्लेट दिला. तो बिचारा दुसऱ्या दिवशी सेंटरच्या रांगेत उभा राहिला, पावती घेतली. मग पंधरवडाभर नुसतं ‘तपासणी चालू आहे’. शेवटी ती चिठ्ठी.

मी फोनवर विचारलं, तिसऱ्या बटणावरच्या टिकलीचा पाचव्या बटणाशी काय संबंध? उत्तर: सर, धोरण. मी म्हटलं, तुम्ही उंचवटा दिला असतात तर टिकली लावावी लागली नसती. पलीकडच्या मुलाला उंचवटा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. एफ आणि जे वर बोट फिरवायला लावलं. त्याने फिरवलं. ‘‘हो सर, आहे,’’ म्हणाला. ‘‘फीडबॅक पुढे पाठवतो.’’ त्याचा दोष नाही. पण उघडूनही न बघता परत पाठवणं हे मला अजून पटलेलं नाही. मागचे स्क्रूही हललेले नव्हते, एकावरची धूळ तशीच होती.

स्टेशन रस्त्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने टॅब्लेट माझ्यासमोर उघडला. बटणांखालच्या पट्टीवर पाचव्याच्या जागी हिरवट थर धरलेला. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, ड्रायरने वाळवला, बंद केला. दीडशे रुपये, आणि वर चहा त्यानेच पाजला. त्याने सांगितल्यापासून रात्री टॅब्लेट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. नवीन बूट, बॅगा घेतल्या की पुड्या टाकू नका, त्या याच कामाच्या. ओल्या झाल्या की फेकतो, वाळवत बसत नाही.

पण टॅब्लेट मुंबईत असतानाच्या काळात मी जे केलं त्याने या सगळ्याची किंमतच बदलली. कामं थांबवता येत नव्हती. बाजारातून साडेतीनशे रुपयांचा यूएसबी नंबर पॅड आणला, हिशेब करणारे वापरतात तो. लॅपटॉपच्या डावीकडे ठेवला. ऑटोहॉटकी नावाचा फुकट प्रोग्रॅम टाकला, त्यात कुठली कळ कुठल्या प्रोग्रॅममध्ये काय करेल ते साध्या मजकुरात लिहायचं असतं. कोरलचं नाव त्यात कोरलडीआरडब्ल्यू.एक्झी असं द्यावं लागतं, ड्रॉमधला ए नाही. तिथे एक-दोघे अडकलेले पाहिले आहेत. गंमत अशी की नम लॉक बंद असताना या कळांची नावं वेगळी असतात. चालू असताना तो पाच, बंद असताना क्लिअर. त्यामुळे सगळे शॉर्टकट मी नम लॉक बंदच्या नावांना दिले. मेनूकार्डावर दर टाकायचे असतील तेव्हा नम लॉक चालू, आकडे येतात. बंद केलं की शॉर्टकट. अधिकची कळ तर खरीखुरी नंबर पॅडची, काहीही न लिहिता कोरलमध्ये प्रत काढते.

आणि पाचावर उंचवटा आहे.

टॅब्लेट परत आल्यावर मी त्याची बटणं ड्रायव्हरमधून बंद केली. चकती तेवढी ठेवली. काही हजारांच्या वस्तूतली अर्धी सोय साडेतीनशेच्या डबड्याने मोडीत काढली याचा आनंद झाला की चीड आली, हे अजून ठरलेलं नाही. बंद करताना वाटलं होतं की फोटोशॉपमध्ये तरी टॅब्लेटचीच बटणं बरी पडतील, जवळ असतात म्हणून. आठवडाभर तसं करून बघितलं. दोन जागी दोन सवयी लागतात, हात गोंधळतो. सोडून दिलं.

पेनाचा टॅब्लेट घ्यायचाच असेल तर बिनबटणांचा, लहान, स्वस्त मॉडेल घ्या.  चकती हवी असेल तर मात्र वरचंच मॉडेल घ्यावं लागतं, तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

आत्ताची मांडणी विचारणाऱ्यांसाठी. पाच: अनडू. चार: स्पेस. सहा: पॉवरक्लिप. आठ: एफ ४, म्हणजे सगळ्या वस्तू स्क्रीनभर दिसणं. दोन: पानाच्या मध्ये. सात आणि नऊ: वस्तू एक थर वर, एक थर खाली. एक: ग्रुप, तीन: अनग्रुप. कर्व्ह भागाकाराच्या कळीवर, सगळ्यांपासून लांब, वरच्या रांगेत. तिथे चुकूनही बोट जात नाही. शून्य मोकळी ठेवली आहे. ती कळ इतकी रुंद आहे की चहाचा कप टेकवला तरी दाबली जाते.